गोगलगायी आणि बुरशीवरून कालव्याचं पाणी कसं ओळखावं

रात्री कुणी चारीत (शेताकडे जाणाऱ्या छोट्या पाटात) घाण पाण्याचा टँकर रिकामा केला, तर सकाळी मीटरवर काहीच दिसत नाही, पाणी वाहून गेलेलं असतं. गोगलगायी आणि सडत्या पानांवरची बुरशी मात्र गेले काही आठवडे त्याच पाण्यात असतात. नांदूर मधमेश्वरपासून निघणाऱ्या गोदावरीच्या डाव्या-उजव्या कालव्यांसारख्या, आवर्तनावर (ठरावीक काळानं पाणी सोडून) चालणाऱ्या कालव्यांचं पाणी दूषित आहे का, हे त्यांच्यावरून ओळखण्याची ही पद्धत आहे.

आधी वेळ सांभाळा. आवर्तन सुटल्यावर किमान तीन आठवडे थांबा. कोरड्या काळात कित्येक गोगलगायी गाळात दडून बसतात. पहिल्या आठवड्यात त्या दिसल्या नाहीत म्हणून पाण्याला दोष देऊ नका. तीन जागा निवडा: नाला मिळतो त्याच्या वर, खाली 100 मीटरवर आणि आणखी एक किलोमीटर खाली. तिन्हीकडे काठ आणि तळ सारखे हवेत. एकीकडे सिमेंटचं अस्तर आणि दुसरीकडे मातीचा काठ असेल, तर तुलनेला अर्थ राहत नाही.

गमबूट आणि रबरी हातमोजे घालाच. काही गोगलगायींतून निघणाऱ्या परजीवींच्या अळ्या त्वचेत शिरतात आणि अंगाला खाज सुटते. एक मिलिमीटर जाळीच्या चाळणीनं काठचं गवत, दगड आणि गाळ प्रत्येक जागी 10 मिनिटं चाळा. मिळतील त्या पांढऱ्या ट्रेमध्ये घ्या, जातवार मोजा, परत सोडा.

ओळख सोपी आहे. शंखाचं टोक वर आणि तोंड आपल्याकडे धरा. तोंड उजवीकडे आणि त्यावर शिंगासारखं झाकण असेल तर ती बेलामियासारखी कल्ल्यांनी श्वास घेणारी. उजवीकडेच, पण झाकण नाही, ती लिम्निया. तोंड डावीकडे ती फायसा. चपटी, चकतीसारखी ती इंडोप्लॅनॉर्बिस. झाकण नसलेल्या या तिघी पृष्ठभागावर येऊन हवा घेतात.

खरी गोम इथे आहे. झाकणवाल्या गायब आणि फायसा भरपूर, तर पाण्यात ऑक्सिजन कमी, म्हणजे सांडपाणी किंवा मळीचा संशय. हवा घेणाऱ्याही गायब असतील तर विषाकडे बघा. निफाड पट्ट्यात द्राक्षांवरच्या बोर्डो किंवा कॉपर ऑक्सिक्लोराइड या तांबं असलेल्या बुरशीनाशकांच्या फवाऱ्याची टाकी चारीत धुतली, की तांबं पाण्यात उतरतं, आणि तांबं गोगलगायींना फार थोड्या प्रमाणातही मारक असतं. विरघळलेला ऑक्सिजन पहाटे, ऊन पडण्याआधी मोजा. दुपारी शेवाळ तो वाढवून दाखवतं.

शंखाचं टोक झिजून पांढरं पडलं असेल तर कॅल्शियम कमी किंवा पाणी आम्लधर्मी. कोकणातल्या जांभ्याच्या मऊ पाण्यात मात्र हे नैसर्गिकही असतं.

आता बुरशी. उंबराची किंवा करंजाची गळलेली पानं वाळवून 5-5 ग्रॅम जाळीच्या पिशव्यांत भरा, प्रत्येक जागी तीन पिशव्या दगडाला बांधून बुडवा. दोन आठवड्यांनी काढा, अलगद धुवा. चांगल्या पाण्यात पान मऊ पडतं, शिरांमधला भाग सुटू लागतो. असं बुरशीनं मऊ केलेलं पान गोगलगायी आवडीनं खातात. पान कडकच राहिलं तर बुरशी दबली आहे, तांबं, जस्त किंवा बुरशीनाशक असू शकतं. खात्रीसाठी पानाचे तुकडे स्वच्छ पाण्यात, मत्स्यटाकीच्या पंपानं हवा देत 48 तास ठेवा. पाणी 5 मायक्रॉनच्या गाळणकागदातून गाळा, कागदावर उरलेलं कॉटन ब्लू या रंगानं रंगवा आणि सूक्ष्मदर्शकाखाली 400 पट मोठं करून बघा. चार हातांच्या चांदणीसारखे किंवा लांब वाकडे बीजाणू दिसले, तर पाण्यात पडलेल्या झाडांच्या पानांवर जगणाऱ्या बुरशी जिवंत आहेत.

दगडांवर करड्या-पांढऱ्या, चिकट शेपट्या लोंबत असतील तर त्यांना लोक बुरशी समजतात. त्यात मुख्यतः स्फेरोटिलससारखे जिवाणू असतात. त्या वाढणं हे सेंद्रिय घाणीचं लक्षण आहे, चांगल्या बुरशीच्या खात्यात त्या धरू नका.

विषाचा संशय आला तर त्याच दिवशी, नाल्याच्या वर आणि खाली, एकेक लिटर पाणी स्वच्छ प्लास्टिकच्या बाटलीत घ्या. धातूंसाठी त्यात नायट्रिक आम्ल टाकून पीएच 2 च्या खाली आणा. कीटकनाशकं किंवा बुरशीनाशकं तपासायची असतील तर आम्ल न टाकता, वेगळी गडद काचेची बाटली बर्फात ठेवून पाठवा. बाटलीवर जागा, तारीख आणि वेळ लिहा.