एसडीएन बसवताना या चुका टाळा

एसडीएन म्हणजे एका मध्यवर्ती सॉफ्टवेअरनं, कंट्रोलरनं, सगळ्या स्विचांना नियम पाठवून चालवायचं नेटवर्क. या कंट्रोलरला स्विचपर्यंत जायला स्वतंत्र वाट द्या. इंदूरमध्ये नेटवर्क बंद पडलं म्हणून मला बोलावणं येतं, तेव्हा बहुतेक ठिकाणी पैसे वाचवायला नेमकी हीच वाट गाळलेली असते.

सांवेर रोडवरच्या एका गोदामात ११ स्विच होते, कंट्रोलर एक, आणि त्याचं ट्रॅफिक इतर सगळ्यांच्याच पोर्टांमधून. नव्या मुलानं पाहुण्यांचं वायफाय अडवायला ड्रॉपचा, म्हणजे पॅकेटं टाकून द्यायचा, नियम टाकला. मास्क (नियम किती पत्त्यांना लागू ते ठरवणारा आकडा) /२४ हवा होता, घाईत त्याहून कितीतरी जास्त पत्ते धरणारा /१६ पडला आणि कंट्रोलरचा पत्ताही त्यात आला. प्रायॉरिटी सगळ्यात वर, टाइमआउट शून्य, म्हणजे नियम आपोआप कधीच संपणार नाही. नियम पोचला आणि कंट्रोलर ज्यावरून स्विचांशी बोलतो त्या ६६५३ पोर्टवरची सगळी कनेक्शनं तुटली. स्विच फेल-सिक्युअर मोडमध्ये, म्हणजे कंट्रोलर गेला तरी आधीचे नियम तसेच चालू. नियम काढायचा हुकूम ज्या वाटेनं जायचा, ती वाट त्या नियमानंच अडवलेली. "दादा, कंट्रोलर पुन्हा रीस्टार्ट करू?" मुलगा विचारत होता. तीनदा करून झालं होतं. मी कन्सोल केबल (स्विचला थेट जोडायची वायर) घेऊन रात्रभर एकेका रॅकपाशी शिडी लावत फिरलो. अकरावा स्विच सुरू झाला तेव्हा समोरच्या ठेल्यावर पोह्यांच्या पातेल्याखाली शेगडी पेटली होती.

तेव्हापासून मॅनेजमेंट पोर्टांसाठी मी साधा, वेगळा स्विच लावतोच. आणि नवा नियम आधी ६० सेकंदांच्या हार्ड टाइमआउटनं टाकतो, काही झालं तरी तेवढ्या वेळात तो संपतो. आयडल टाइमआउट, म्हणजे नियम वापरात नसला तरच मोजला जाणारा, इथे कामाचा नाही. पॅकेटं आदळत राहिली की तो नियम मरतच नाही.

दुसरी चूक उतरवलेल्या कोडची. ओपनफ्लो म्हणजे कंट्रोलर आणि स्विच बोलतात ती भाषा. तिच्या १.० मध्ये कुठल्याच नियमात न बसणारं पॅकेट कंट्रोलरकडे जायचं. १.३ मध्ये अशा पॅकेटांचं काय करायचं ते सांगणारी टेबल-मिसची नोंद तुम्ही टाकली नाही तर ते सरळ टाकून दिलं जातं. जुनं उदाहरण न वाचता चिकटवायचं आणि दिवसभर केबली बदलत बसायचं, हे मला बघवत नाही. स्विच जोडला गेला की पहिली नोंद हीच, प्रायॉरिटी शून्यची, मग बाकीचं.

पिंग जातं पण मोठी फाइल अडकते? व्हीएक्सलॅन (एका नेटवर्कची पॅकेटं दुसऱ्यात गुंडाळून न्यायची पद्धत) प्रत्येक पॅकेटला जोडतं ते ५० बाइट विसरलात. खालच्या नेटवर्कचा एमटीयू, म्हणजे पॅकेटची कमाल लांबी, १६०० करा.

दोन कंट्रोलरांचं क्लस्टर करू नका. एक पडला की निर्णयाला लागणारं बहुमत उरत नाही, तीन लावा.

मिनीनेटमध्ये (संगणकावरच्या नकली नेटवर्कमध्ये) चाललं म्हणून लगेच खऱ्या स्विचवर चढवू नका. मिनीनेटमध्ये नियम संगणकाच्या मेमरीत मावतात. खऱ्या स्विचच्या टीकॅममध्ये (नियम ठेवायच्या खास चिपमध्ये) जागा मोजकी असते आणि ती भरली की नवा नियम नाकारला जातो. कंट्रोलरच्या लॉगमध्ये 'टेबल फुल' शोधायची सवय लावा.