लायब्ररी सायन्समधून इन्फर्मेशन पॉलिसीत प्राध्यापकी-संशोधन करायचंय? मग हे वाचा

आपल्याकडे "इन्फर्मेशन पॉलिसी" (माहिती कुणाला मिळावी, कुणाची झाकावी, याचे कायदे आणि धोरणं) अशी पाटी लावलेलं डिपार्टमेंट शोधत फिरलात तर हात हलवत परत याल. हा विषय आपल्याकडे शिकवतात तो लायब्ररी सायन्सच्या एखाद्या पेपरात, थोडा लॉ कॉलेजात, थोडा पब्लिक पॉलिसीत. म्हणून रस्ता असा की डिग्री लायब्ररी सायन्सची घ्यायची (किंवा कायद्याची, पण मी इथे लायब्ररीवाल्यांसाठी लिहितोय) आणि संशोधनाचा प्रश्न पॉलिसीतला उचलायचा.

डिग्रीचं पटकन उरकतो. बीलिब-एमलिब (लायब्ररी सायन्सची बॅचलर आणि मास्टर्स) पुणे, मुंबई, नागपूर, कोल्हापूर, संभाजीनगर, एसएनडीटी, कुठूनही करा, फार फरक पडत नाही. अपवाद बंगळुरूच्या डीआरटीसीचा. भारतीय ग्रंथालयशास्त्राचे जनक रंगनाथन यांनी १९६२ मध्ये सुरू केलेलं हे सेंटर इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटखाली येतं, तिथला एमएस कोर्स दोन वर्षांचा आहे, प्रवेश परीक्षेतून, आणि तिथे तुमच्याकडून डेटाचं काम खरंच करून घेतात. जमत असेल तर तिथेच जा.

मग नेट, म्हणजे प्राध्यापकीसाठीची राष्ट्रीय पात्रता परीक्षा. विषय कोड ५९. पहिला पेपर ५० प्रश्न, दुसरा १००, दोन्ही मिळून ३०० मार्क, तीन तास, निगेटिव्ह मार्किंग नाही, त्यामुळे एकही प्रश्न कोरा सोडू नका. जेआरएफ (नेटमधून मिळणारी संशोधनाची फेलोशिप) ओपनमधून ३० वर्षांपर्यंतच मिळते (आरक्षित प्रवर्गांना आणि महिलांना सूट आहे), पण ती मिळाली तर पहिली दोन वर्षं महिना ३७,००० रुपये, म्हणजे पीएचडी करताना घरी हात पसरावा लागत नाही. जून २०२४ पासून नेटच्या मार्कांवर पीएचडीलाही प्रवेश मिळतो. नोकरी महाराष्ट्र-गोव्यातच हवी असेल तर सेट ही राज्य पातळीवरची पात्रता परीक्षापण द्या, ती पुणे विद्यापीठ घेतं.

आता नोकरीचं, आणि हे कुणी वर्गात सांगत नाही. लायब्ररी सायन्स शिकवायच्या जागा राज्यात इतक्या कमी आहेत की कोण कधी रिटायर होतंय हे सगळ्यांना तोंडपाठ असतं. पण कॉलेज लायब्ररियनची जागा बहुतेक अनुदानित कॉलेजात असते, पात्रता तीच (५५ टक्के आणि नेट-सेट), सुरुवातीचं बेसिकही असिस्टंट प्रोफेसरइतकंच, ५७,७००. त्यातल्या कितीतरी जागा रिकाम्या आहेत आणि भरती निघते तेव्हा रोस्टर (आरक्षणाचा क्रम), सरकारची एनओसी, कोर्ट असं सगळं होऊन निघते हा भाग वेगळा. तरी माझं स्पष्ट मत, लायब्ररियनच्या नोकरीला कमीपणाची समजू नका, तिथे बसून पीएचडी होते, पेपर होतात, काही विद्यापीठांत पुढे गाईडशिपही (पीएचडीच्या विद्यार्थ्यांना मार्गदर्शन करायची मान्यता) मिळते. सीएचबीवर, म्हणजे तासाप्रमाणे पैसे घेऊन, चार कॉलेजं पळत प्राध्यापक म्हणवून घेण्यापेक्षा हे कधीही बरं.

आता खरा मुद्दा, विषय. शोधगंगा (भारतातल्या पीएचडी थिसिसचा ऑनलाईन साठा) उघडा आणि लायब्ररी सायन्सच्या थिसिसची नावं नुसती चाळा. "अमुक जिल्ह्यातील महाविद्यालयांतील ई-संसाधनांचा वापर: एक अभ्यास." जिल्हा बदलायचा, प्रश्नावली तीच, गुगल फॉर्म, पाय चार्ट, "६८ टक्के वापरकर्ते समाधानी", संपलं. गाईडला सोपं जातं म्हणून तो हेच सुचवतो. तुम्ही सिनॉप्सिस (संशोधनाचा आराखडा) नेताना असा प्रश्न न्या ज्याची कागदपत्रं तुम्हाला मिळू शकतात आणि ज्याच्या उत्तरावर कुणीतरी भांडेल. उदाहरणं देतो.

माहिती अधिकार कायदा २००५ चा, त्यात कलम ४(१)(ख) खाली प्रत्येक कार्यालयाने १७ मुद्द्यांची माहिती न मागता जाहीर करायची असते. तुमच्या जिल्ह्यातल्या नगरपालिकांच्या वेबसाईट उघडून ती आहे का, कधी अपडेट झाली, मराठीत आहे का, सर्च होते का की नुसतं स्कॅन करून टाकलंय, हे तपासा. वर्गीकरण, मेटाडेटा, ॲक्सेस, तुम्ही एमलिबला जे शिकलात तेच सगळं इथे लागतं, आणि हे वकिलाला जमत नाही. किंवा डेटा प्रोटेक्शन कायदा २०२३ घ्या, त्याच्या ४४(३) ने माहिती अधिकाराचं ८(१)(जे) बदललं. आधी व्यक्तिगत माहिती नाकारताना तिचा सार्वजनिक कामाशी संबंध नाही किंवा खासगीपणावर नाहक घाला येतो असं दाखवावं लागायचं, आता माहिती व्यक्तिगत आहे एवढंच पुरतं (८(२) मधलं जनहिताचं कलम अजून आहे, ते विसरू नका). माहिती आयोगाचे (माहिती नाकारल्यावरची अपिलं ऐकणारी संस्था) आधीचे आणि नंतरचे आदेश शेजारी शेजारी ठेवून वाचले तर अख्खी पीएचडी आहे.

कॉपीराईट आवडत असेल तर दिल्ली विद्यापीठाच्या झेरॉक्सवाल्यावर प्रकाशकांनी केलेली केस बघा, २०१६ मध्ये हायकोर्टाने कोर्सपॅकच्या (अभ्यासक्रमासाठी पुस्तकांतली पानं झेरॉक्स करून बांधलेला संच) बाजूने निकाल दिला, कलम ५२(१)(आय), पण आपल्याकडचे किती लायब्ररियन त्यावर भरवसा ठेवून झेरॉक्स देतात? वन नेशन वन सबस्क्रिप्शनला (संशोधन जर्नलं देशभर एकत्र विकत घ्यायची केंद्राची योजना) तीन वर्षांसाठी ६,००० कोटी मंजूर झालेत, सुरुवात सरकारी संस्थांपासून, मग विनाअनुदानित कॉलेजातल्या पोराने काय करायचं? आणि अगदी घरचा विषय हवा तर महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय कायदा १९६७, ज्यात ग्रंथालय कर नाही, अ-ब-क-ड वर्गाप्रमाणे अनुदानावर सगळं चालतं, त्याचे जीआर (सरकारी निर्णय) वर्षानुवर्षांचे पडून आहेत.

डेटा लागेल तेव्हा स्वतःच माहिती अधिकार वापरा. राज्यात अर्ज एका विषयावर आणि १५० शब्दांत बसवायचा, फी १० रुपये, ३० दिवस वाट बघायची, मग पहिलं अपील. उत्तर नाही आलं तर तोही डेटाच, तारखा लिहून ठेवा. कायदा वाचायची सवय लावा, परंतुकासकट (कलमाखाली "परंतु" म्हणून येणारा अपवाद), कारण गडबड नेहमी परंतुकातच असते. संसदेतल्या चर्चा आणि डेटा प्रोटेक्शनवरच्या श्रीकृष्ण समितीचा २०१८ चा रिपोर्ट ऑनलाईन फुकट आहे.

गाईड निवडताना त्याचे आधीचे थिसिस शोधगंगावर वाचा, निदान शेवटचं प्रकरण तरी. सगळ्यांची भाषा सारखीच निघाली तर समजून जा. थिसिसच्या साम्य तपासणीत (दुसऱ्याचा मजकूर किती उचललाय ते बघणारी) १० टक्क्यांवर गेलात की कटकट सुरू होते, ते वेगळंच.

पेपरचं म्हणाल तर यूजीसी केअर लिस्ट (विद्यापीठ अनुदान आयोगाने मान्य केलेल्या जर्नलांची यादी) २०२५ च्या फेब्रुवारीत बंद झाली, आता जर्नल चांगलं की वाईट हे तुम्हालाच ठरवायचंय. "पैसे भरा, आठवड्यात छापतो" असा व्हॉट्सॲप मेसेज आला की ब्लॉक करा. डेसिडॉकचं (संरक्षण संशोधनाचं माहिती केंद्र) जर्नल आणि ॲनल्स ऑफ लायब्ररी अँड इन्फर्मेशन स्टडीज ही दोन देशातली बरी, पॉलिसीचा मजकूर मराठी वर्तमानपत्रातही लिहा, प्रमोशनला मार्क मिळोत न मिळोत.

बाहेर जायचं असेल तर मिशिगन, इलिनॉय, वॉशिंग्टन, सिरॅक्युज इथल्या आयस्कूलांची (माहिती या विषयाची विद्यापीठातली स्वतंत्र स्कूलं) पीएचडी बघा. अमेरिकेत पीएचडीला सहसा फी माफ आणि वर पगार असतो, मास्टर्सला खिशातले लाखो जातात, म्हणून नुसत्या मास्टर्ससाठी कर्ज काढू नका असं मी तरी म्हणेन. प्रोफेसरला मेल करताना "रिस्पेक्टेड सर"ने सुरू होणारे तीन परिच्छेद नकोत. प्रश्न दोन ओळींत, कुठली कागदपत्रं हाताशी आहेत ते एका ओळीत, आणि मराठीतले जीआर मूळ भाषेत वाचता येतात हे जरूर लिहा, असा माणूस तिथे सहज मिळत नाही.