लग्न झालं, आता अमेरिकेत टॅक्स भरताना फाइलिंग स्टेटस काय टाकायचं?

डिसेंबरात सुट्टी काढून भारतात गेलात, लग्न झालं, जानेवारीत एकटेच परत आलात, बायकोचा एच-४ (एच-१बी वाल्याच्या जोडीदाराचा व्हिसा) अजून व्हायचाय, आणि टॅक्सचं सॉफ्टवेअर उघडलं की पहिलाच प्रश्न, सिंगल की मॅरीड? वर्षभर तर एकटाच होतो म्हणून खूप जण सिंगल टाकतात. मीही पहिल्या वर्षी तेच टाकणार होतो, ऑफिसमधल्या एका ताईंनी वेळेत थांबवलं. आयआरएस, म्हणजे अमेरिकेचं टॅक्स खातं, ३१ डिसेंबरला तुमचं लग्न झालेलं होतं की नाही एवढंच बघतं. २९ तारखेला अक्षता पडल्या तरी ते अख्खं वर्ष तुम्ही मॅरीड, आणि लग्न भारतात लागलं म्हणून काही बदलत नाही.

म्हणजे राहिले दोन पर्याय, जॉइंट (दोघांचं मिळून एक रिटर्न) नाहीतर सेपरेट (दोघांचं वेगळं). बायको किंवा नवरा भारतात आहे म्हणून हेड ऑफ हाउसहोल्ड (कुटुंबप्रमुख) टाकता येईल असं कुणी सांगितलं तर ऐकू नका, त्यासाठी मूल किंवा नियमात बसणारं दुसरं कुणीतरी तुमच्यावर अवलंबून असावं लागतं, जोडीदार त्यात धरत नाहीत.

आता पैशाचं बघू. समजा २०२५ मध्ये तुमचा पगार १,००,००० डॉलर आणि जोडीदाराची कमाई शून्य. सेपरेट भरलं तर स्टँडर्ड डिडक्शन (सरसकट मिळणारी वजावट) १५,७५० आणि फेडरल टॅक्स साधारण १३,४५० डॉलर. जॉइंट भरलं तर डिडक्शन ३१,५०० आणि टॅक्स ७,७५० च्या आसपास, म्हणजे सरळ ५,७०० डॉलर वाचले. दोघांचा पगार जवळपास सारखा असेल तर मात्र एवढा फरक पडत नाही.

जोडीदार टॅक्सच्या हिशोबाने नॉनरेसिडंट (अमेरिकेचा रहिवासी न धरलेला) असेल तरी जॉइंट भरता येतं, फक्त वर्षअखेरीला तुमच्यापैकी एकजण तरी रेसिडंट किंवा सिटिझन पाहिजे, आणि जोडीदाराला रेसिडंट धरा असं दोघांच्या सहीचं पत्र रिटर्नला जोडायचं. पण मग तिचा भारतातला पगार, एफडीचं व्याज, सगळं इथल्या रिटर्नमध्ये दाखवावं लागतं. तिकडे भरलेल्या टॅक्सचं क्रेडिट फॉर्म १११६ वर मिळू शकतं, तरी तिची तिथली कमाई चांगली असेल तर आधी दोन्ही बाजूंनी आकडे काढा. दोघंही एफ-१ वर (विद्यार्थी व्हिसावर) आणि पहिल्या पाच वर्षांत असाल तर बहुतेक दोघंही नॉनरेसिडंट, मग जॉइंटचा विषयच नाही, १०४०-एनआर (नॉनरेसिडंटचा रिटर्न फॉर्म) आणि सेपरेट.

जोडीदाराकडे एसएसएन (सोशल सिक्युरिटी नंबर) नसेल तर त्याऐवजी आयटीआयएन हा टॅक्सपुरता नंबर काढावा लागतो, त्यासाठी डब्ल्यू-७ हा अर्जाचा फॉर्म रिटर्नसोबतच कागदी पाठवायचा. ओळखीसाठी त्यासोबत ओरिजिनल पासपोर्ट पोस्टात टाकायला धीर होत नाही, माझाही झाला नव्हता, आणि व्हिसाचं काम चालू असताना तो हातातून सोडूही नये. सर्टिफाइड अ‍ॅक्सेप्टन्स एजंटकडे (आयआरएसने हे अर्ज तपासायला नेमलेल्या माणसाकडे) गेलात तर ते पासपोर्ट बघून तुम्हाला लगेच परत देतात, फी घेतात पण माझ्या मते ती द्यावी.

सेपरेट कधी बरं? जोडीदाराच्या जुन्या टॅक्सच्या भानगडी असतील तर, कारण जॉइंटवर सही केली की त्या रिटर्नच्या पूर्ण टॅक्सला दोघंही जबाबदार. एज्युकेशन लोनचा हप्ता उत्पन्नावर ठरत असेल तरही विचार करा. पण सेपरेटमध्ये लोनच्या व्याजाची वजावट आणि एज्युकेशन क्रेडिट जातं, एकाने आयटमाइज केलं (सरसकट वजावटीऐवजी एकेक खर्च दाखवला) की दुसऱ्यालाही तेच करावं लागतं, आणि कॅलिफोर्निया, टेक्सास, वॉशिंग्टनसारख्या कम्युनिटी प्रॉपर्टी राज्यात (जिथे नवरा-बायकोची कमाई दोघांची सामाईक धरतात) कमाई निम्मी निम्मी वाटून दाखवायची वेळ येऊ शकते, ते किचकट आहे.

१५ एप्रिल, म्हणजे रिटर्नची शेवटची तारीख, जवळ आली आणि ठरतच नसेल तर हे लक्षात ठेवा, सेपरेट भरलेलं नंतर तीन वर्षांच्या आत जॉइंट करता येतं, जॉइंट भरलेलं मुदत गेल्यावर सेपरेट करता येत नाही.

आणि दोघंही नोकरी करत असाल तर डब्ल्यू-४ (पगारातून किती टॅक्स कापायचा ते कंपनीला सांगणारा फॉर्म) आत्ताच बघून घ्या. दोघांनी नुसतं जॉइंट टिक केलं आणि स्टेप २ मधला दोन नोकऱ्यांचा बॉक्स सोडला तर दोन्हीकडून टॅक्स कमी कापला जातो आणि एप्रिलमध्ये एकदम मोठी रक्कम भरावी लागते.