करारातून 'गोल्डची हमी' कशी काढली

पुण्यातल्या एका गृहप्रकल्पाच्या हरित इमारत सल्लागाराच्या करारात ओळ होती: 'सल्लागार गोल्ड मानांकन मिळवून देईल.' ही ओळ घातक. गोल्ड ही हरित इमारतीची श्रेणी, ती देणार आयजीबीसी (इंडियन ग्रीन बिल्डिंग कौन्सिल) ही संस्था. सल्लागाराच्या हातात फक्त अर्ज आणि कागद. शिवाय व्यावसायिक दायित्वाच्या विम्यात निकालाची हमी सहसा वगळलेली असते, म्हणजे दावा आला तर पैसे खिशातून.

बदल असा केला: 'सल्लागार गोल्डसाठी वाजवी व्यावसायिक कौशल्य वापरेल, अंतिम निर्णय मानांकन संस्थेचा.' परिशिष्टात मानांकनाच्या प्रत्येक गुणापुढे एकच जबाबदार पक्ष लिहिला. रंगाच्या व्हीओसीचा (हवेत मिसळणाऱ्या रसायनांचा) चाचणी अहवाल, फ्लाय ॲशच्या (कोळशाच्या राखेच्या) प्रमाणाचं उत्पादकाचं पत्र ठेकेदाराने आरए बिलासोबतच (काम चालू असतानाच्या टप्प्याच्या बिलासोबतच) द्यायचं, नाहीतर तेवढी रक्कम रोखायची. काम संपल्यावर हे कागद मागून बघा, कोणी फोनही उचलत नाही!

बिल्डरचा धोका वेगळा. यूडीसीपीआर २०२० (राज्याची बांधकाम नियमावली) प्रमाणे प्री-सर्टिफिकेशनवर, म्हणजे आधीच मिळणाऱ्या तात्पुरत्या मानांकनावर, श्रेणीनुसार ३, ५ किंवा ७ टक्के जादा एफएसआय (बांधकामाचं क्षेत्र) मिळतो. अंतिम मानांकन घसरलं तर रेडी रेकनरवर (जमिनीच्या सरकारी दरांवर) आधारित दंड. जाहिरातीत 'गोल्ड प्रमाणित' छापलं तर रेराचं (गृहप्रकल्प कायद्याचं) खोट्या जाहिरातीबद्दलचं कलम १२ आहेच. म्हणून माहितीपत्रकात 'गोल्ड प्री-सर्टिफाइड, अंतिम प्रमाणपत्र बाकी' एवढंच ठेवलं.