चर्चा मंडळाचा इतिहास लिहिताय? आधी चहाची बिलं काढा

ठाण्यातल्या एखाद्या कॉलेजच्या चर्चा मंडळाचा इतिहास लिहायचा म्हटलं की पहिल्यांदा हातात येते ती रौप्यमहोत्सवी स्मरणिका. ती सगळ्यात शेवटी वाचा. तिच्यात प्रत्येक कार्यक्रम उत्साहातच पार पडलेला असतो. आधी शोधायची ती इतिवृत्ताची वही, पावतीपुस्तकं आणि किरकोळ खर्चाची व्हाउचरं. बहुतेकदा ती जुन्या चिटणीसांच्या माळ्यावर असतात. अहवालात 'सभागृह खचाखच' आणि बिल 22 चहांचं, तर बिलावर विश्वास ठेवा.

गठ्ठे पावसाळ्यात उघडू नका, ओलसर पानं एकमेकांना चिकटून फाटतात. गंजलेल्या टाचण्या हळूच काढा. सेलोटेप अजिबात नको, काही वर्षांत पिवळा डाग पडतो. मजकूर 300 डीपीआयला, फोटो 600 ला स्कॅन करा, आणि फोटोची मागची बाजूही. नावं तिथेच खरडलेली असतात.

खरी गंमत बिनतारखेच्या कागदांत आहे. पत्त्यात सहा आकडी पिन कोड असेल तर कागद 15 ऑगस्ट 1972 नंतरचा. 'ठाणे महानगरपालिका' छापलं असेल तर 1 ऑक्टोबर 1982 च्या अलीकडचा, कारण तोवर नगरपालिका होती. उलटा तर्क मात्र फसतो. इंग्रजीत 'युनिव्हर्सिटी ऑफ बॉम्बे' दिसलं म्हणून कागद 1996 पूर्वीचाच असं नाही. त्या साली इंग्रजी नावात 'मुंबई' आलं, पण जुनी लेटरहेडं संपेपर्यंत कोण टाकून देतं?

निमंत्रणपत्रिका म्हणजे कार्यक्रम झाल्याचा पुरावा नव्हे. वक्ते आयत्या वेळी येत नाहीत. इतिवृत्तातली नोंद किंवा मानधनाची सही केलेली पावती जुळली तरच 'झाला' लिहा. एकच विषय लागोपाठ तीन सभांत 'तहकूब' दिसला की समजा, आत भांडण आहे. तेव्हाच्या दोन्ही बाजूंच्या माणसांना वेगवेगळं भेटा. त्यांना साल विचारू नका, 'तेव्हा कितवीला होता?' विचारा. 'इंटरला' (जुन्या पद्धतीत कॉलेजचं दुसरं वर्ष) म्हणाले तर काळ 10+2+3 शिक्षणपद्धतीच्या आधीचा.

स्थापनेचं साल हा हमखास वादाचा मुद्दा. पहिली बैठक, पहिलं जाहीर व्याख्यान आणि नोंदणी, तिन्ही तारखा वेगळ्या द्या. मंडळ नोंदणीकृत असेल तर नोंदणीची तारीख धर्मादाय आयुक्तांच्या प्रमाणपत्रावर मिळेल. छापून झाल्यावर एक प्रत कॉलेजच्या ग्रंथालयाला आणि एक 1893 पासूनच्या मराठी ग्रंथसंग्रहालयाला द्या, मूळ वह्या सध्या कोणाकडे आहेत त्याची चिठ्ठी आत लावून.