जुन्या जावा-येझदीचा नाद: नटवणं सगळ्यात शेवटी

जुनी जावा किंवा येझदी मोटरसायकल घेऊ का, असं कुणी विचारलं की मी गाडीबद्दल आधी काहीच बोलत नाही. आरसी बुक कुणाच्या नावावर आहे ते बघून ये, म्हणतो. लोकांना वाटतं मी उत्साहावर पाणी टाकतोय. टाकतोच आहे. कोल्हापूरच्या आसपास गोठ्यात, परड्यात उभ्या असलेल्या जावा-येझदी अजून सापडतात, आणि बऱ्याच गाड्यांचा कागदोपत्री मालक केव्हाच वारलेला असतो. मालक हयात असेल तर फॉर्म २९ आणि ३०, वारला असेल तर ३१ आणि वारसांच्या सह्या, गाडी निपाणी-बेळगावकडची असेल तर तिकडच्या आरटीओची एनओसी, एवढं सगळ्यांना माहीत असतं. माहीत नसतं ते हे, की जुन्या रजिस्टरातली नोंद पुष्कळदा सरकारच्या ‘वाहन’ या ऑनलाइन प्रणालीत चढलेलीच नसते. ती बॅकलॉग म्हणून चढवून घेतल्याशिवाय नाव बदलत नाही, पासिंग होत नाही, एचएसआरपी, म्हणजे नवी सुरक्षा नंबरप्लेटसुद्धा बुक होत नाही. तेव्हा विसार द्यायच्या आधी मोबाइलवर नंबर टाकून बघा. दिसला नाही म्हणून लगेच गाडी सोडू नका, पण भाव करताना आरटीओतले हेलपाटे धरा. आणि कागद अजिबातच नसतील, तर ती गाडी म्हणून घेऊ नका, पार्ट म्हणून घ्या. एजंट “करून देतो” म्हणेल. म्हणू दे.

पन्नास वर्षांवरच्या गाड्यांसाठी २०२१ पासून व्हिंटेज म्हणून वेगळी नोंदणी मिळते. नंबरात ‘व्हीए’ येतं, नव्या नोंदणीला २०,००० रुपये, मुदत १० वर्षं. ऐकायला भारी वाटतं, पण अशी गाडी रोज कामाला नेता येत नाही. रॅली, प्रदर्शन, पेट्रोल भरणं आणि दुरुस्ती, एवढ्यासाठीच रस्त्यावर काढायची. चालवायची हौस असेल तर नेहमीचं पाच वर्षांचं पासिंग करत राहा, असं माझं मत. येझदीच्या रोडकिंगवाल्यांना तर हा प्रश्न तूर्त नाहीच. पहिल्या रोडकिंग १९७८ च्या, त्यांची पन्नाशी २०२८ ला.

कुठली घ्यावी यावर वाद घालत बसू नका. पहिली गाडी सिंगल सिलिंडर २५० घ्या. राजदूत ३५० किंवा येझदीची ट्विन पहिल्या झटक्यात घेणाऱ्यांचा मला आदर आहे, पण त्यांचं इंजिन अजून पोत्यात आहे. गाडी कुरूप असू दे, पूर्ण असू दे. दोन्ही सायलेन्सर, पूर्ण चेनकव्हर, हेडलाइटचा डोम, टाकीचे रबर, मूळ कार्बोरेटर, हे जागेवर असेल तर गंज परवडला. आधीच कुणी ‘रिस्टोर’ केलेली चकचकीत गाडी समोर आली तर मडगार्डावर आणि टूलबॉक्सवर साधं चुंबक फिरवा. जिथं धरत नाही तिथं पुट्टीचा थर आहे.

आता ज्यासाठी लिहायला बसलो ते.

गाडी खोलली की दोन-चार दिवसांत नुसती चेसिस उरते आणि हात शिवशिवतात. सँडब्लास्टिंग करून, म्हणजे वाळूच्या माऱ्यानं गंज उडवून, पावडर कोटिंगला द्यावी, म्हणजे निदान एक तरी गोष्ट नवी दिसेल, असं वाटतं. माझी चेसिस अशीच गेली. कोटिंगवाल्यानं आटे झाकले नाहीत, कोन सेटच्या (हँडल ज्यावर फिरतं त्या बेअरिंगच्या) वाट्यांची बैठक झाकली नाही, सगळीकडून सारखा फवारा मारून भट्टीत घातली. घरी आली तेव्हा बघायला गल्ली जमली. त्यानंतर गाडी उभी राहायला जो वेळ गेला तो सगळा या एका गोष्टीनं खाल्ला. ही चूक इतकी गोड दिसते की बहुतेक नवखे तिच्यात सापडतात. म्हणून जरा पाल्हाळ लावतो.

पावडरचा थर साधारण ६० ते १०० मायक्रॉनचा असतो. ऐकायला काहीच नाही. पण कोनच्या वाट्या चेसिसच्या गळ्यात ठोकून घट्ट बसवायच्या असतात, तिथं एवढा थर म्हणजे वाटी तिरकी जाणारच. तिरकी वाटी ठोकून बसवली की हँडल एका जागी अडतं आणि गाडी सरळ धरत नाही. आट्यांचंही तेच. बोल्ट दोन फेरे जातो, मग जोर लावला की आटे उडतात.

मग वायरिंग. यातल्या बहुतेक गाड्यांचा मूळ करंट सहा व्होल्टचा, त्यात कुठंही अर्थ (अर्थिंग) कच्चा राहिला की हेडलाइट काजव्याएवढा. पावडर वीज वाहत नाही. इंजिनाच्या माउंटिंगखाली, हेडलाइटपाशी, मागच्या दिव्यापाशी पत्रा उघडा ठेवला नाही तर तुम्ही डायनमोला दोष देत बसणार, पॉइंट बदलणार, कंडेन्सर बदलणार, आणि दोष भलतीकडेच.

सगळ्यात वाईट म्हणजे नंबर. चेसिसवर ठोकलेला नंबर आधीच साठेक वर्षांच्या रंगाखाली बुजलेला असतो. त्यावर जोरात ब्लास्टिंग आणि वर पावडरचा जाड थर बसला की पासिंगच्या वेळी कागद ठेवून पेन्सिल घासली तरी आकडे उमटत नाहीत. साहेबांच्या मनात शंका आली की तुम्ही कितीही खरे असा, प्रकरण लांबलं. ब्लास्टिंगला द्यायच्या आधी नंबराचा फोटो काढा, पेन्सिलीचा छाप काढून आरसी बुकाच्या झेरॉक्सला जोडा आणि त्या जागेवर भट्टीत टिकणारी टेप लावायला स्वतः उभे राहा. आकडे पुसट झालेत म्हणून लेथवाल्याकडून पंच मारून घेणं, हा विचारसुद्धा करू नका. तो गुन्हा आहे.

एवढ्यावर संपत नाही. आज मिळणारे नवे मडगार्ड, सायलेन्सर, चेनकव्हर ओळखीच्या आकाराचे असतात, पण भोकं जागेवर असतीलच असं नाही. कुठं कानस, कुठं गॅस, कुठं हातोडी लागते. हे सगळं नव्या कोटिंगवर करायचं? आणि खरी मजा तेव्हा, जेव्हा गाडी सजून उभी राहते, किक बसते, धूर निघतो आणि गिअर ऑइल कमी व्हायला लागतं. प्रायमरीच्या, म्हणजे क्लचच्या बाजूचं क्रँकचं ऑइल सील गेलेलं असतं. डायनमोच्या बाजूचं गेलं तर उलट तऱ्हा: बाहेरची हवा ओढली जाते, आयडलिंग धरत नाही, इंजिन तापतं, पिस्टन धरतो. मिस्त्री कार्बोरेटरची जेट बदलत राहतो. शेवटी इंजिन खाली उतरवावं लागतं, ते उतरवताना नव्या चेसिसवर पहिला ओरखडा पडतो. उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग, दुसरं काय.

तर क्रम असा ठेवा. आधी इंजिन: क्रँक, बिग एंड, सी-थ्री खुणेचे (आत किंचित जास्त मोकळीक असलेले) बेअरिंग, दोन्ही सील, बोअर. मग गंजक्या चेसिसवरच अख्खी गाडी कच्ची जोडा. अख्खी म्हणजे अख्खी, नंबरप्लेटच्या पट्टीपासून स्टँडच्या स्प्रिंगपर्यंत. जे भोक जुळत नाही ते आत्ता जुळवा, जे कापायचं ते आत्ता कापा. त्या अवतारात ती रोज चालवा, लोक हसले तर हसू दे. ऑइल कुठून गळतं, चाकाची लाइन कुठं जाते, क्लच तापल्यावर काय करतो, हे सगळं कळेपर्यंत रंगाचं नाव काढू नका. मग खोला, प्रत्येक जोडणीचा फोटो काढा आणि तेव्हा रंगाला द्या. चिमट्याच्या (पुढच्या फोर्कच्या) आणि मडगार्डाच्या पत्र्याला पावडरपेक्षा साधा स्प्रे रंग बरा, कारण पोचे भरायला लावलेली पुट्टी १८०-२०० अंशाच्या भट्टीत टिकत नाही.

पावडर आधीच मारून झाली असेल तर घाबरून जाऊ नका, सुटतं सगळं. आट्यांना टॅप फिरवा, गळ्याची बैठक पॉलिश पेपरनं हळूहळू उघडी करा, अर्थच्या जागा खरवडून स्टार वॉशर टाका. वेळ जातो, गाडी वाया जात नाही.

गुरूबद्दल थोडं. व्हिडिओ बघून क्रँक दाबायला जाऊ नका, व्हिडिओत आवाज कळत नाही. कोल्हापूरच्या उद्यमनगरात आमचे एक मिस्त्री चाचा आहेत, त्यांनी मला कधी काही शिकवलं असं म्हणता येणार नाही. टॉर्च धरायला लावली आणि ओरडले. “आधी पळू दे तिला, मग नटव. रंग काय पळून जातोय व्हय?” हे वाक्य मी ऐकलं तेव्हा चेसिस भट्टीतून बाहेर आलेली होती. मिस्त्री खरंच जावाचा आहे की बुलेटवरून इकडे आलाय, हे ओळखायची माझी एक रीत आहे. त्याला सेमी-ऑटोमॅटिक क्लच कसा सेट करायचा ते विचारा. गिअरच्याच लिव्हरनं किक, आणि तीच लिव्हर दाबली की क्लचही सुटतो, या गमतीतच गाडीची अर्धी अक्कल आहे. “ते काढूनच टाकू, कशाला पाहिजे?” असं उत्तर आलं तर चहा प्या आणि उठा. आणि गाडी द्या, सहा महिन्यांनी तयार न्या, अशा ठेक्यावर माझा विश्वास नाही. पैसे असतील तर जरूर द्या, पण मग तो नाद त्यांचा, तुमचं बिल.

पार्टांचं. मैसूरचा आयडियल जावाचा कारखाना १९९६ ला बंद झाला. म्हणजे कुणी “कंपनीचा सीलबंद माल” म्हणून दाखवला तर तो किमान तेवढा जुना आहे. धातू असेल तर सोनं समजा: गिअर, क्रँकचे भाग, स्प्रॉकेट डोळे झाकून घ्या. रबर असेल तर पाकिटाला भुलू नका. पाकिटात ठेवलेलं ऑइल सीलही वर्षांनी कडक होतं. सील, पॅकिंग, केबल नव्या बनावटीचीच घ्या. २०१८ पासून आलेल्या नव्या जावाच्या शोरूममध्ये जुन्या गाडीचे पार्ट विचारायला जाऊ नका, त्या गाडीचा या गाडीशी नावापुरता संबंध.

पुण्यात नाना पेठ आणि बुधवार-रविवारचा जुना बाजार, मुंबईत चोर बाजार, दिल्लीला कुणी जाणार असेल तर करोल बाग, ही ठिकाणं धरून ठेवा. जाताना जुना पार्ट आणि माप घ्यायला व्हर्निअर सोबत. जावाची चाकं १६ इंची, रोडकिंगची १८ इंची, एवढा ढळढळीत फरक लगेच दिसतो. बुश आणि लिव्हरमधला दिसत नाही, घरी आल्यावर कळतो. झिजलेला पार्ट कितीही फालतू वाटला तरी भंगारात घालू नका. लेथवाल्याला माप त्याच्यावरूनच मिळतं, आणि पितळी बुश उद्यमनगरात कुणीही घासून देईल. क्रोमची टाकी प्लेटिंगला देताना आधीच सांगून ठेवा: जुनं क्रोम ॲसिडमध्ये उतरवलं की गंजानं पातळ झालेल्या पत्र्याला बारीक छिद्रं उघडी पडतात. ती प्लेटिंगवाल्यानं पाडली नाहीत, होतीच. भांडू नका, ब्रेझिंग करून घ्या.

बारा व्होल्ट आणि सीडीआय (पॉइंटच्या जागी इलेक्ट्रॉनिक इग्निशन) लावावं का? शुद्धतावादी चिडतील, पण रात्री राधानगरीच्या रस्त्यानं यायचं असेल तर लावा. मूळ डायनमो मात्र तेल लावून जपून ठेवा.

इंजिन नवं बांधलंय तर पहिले काहीशे किलोमीटर पेट्रोलच्या लिटरमागे ४० मिली टू-टी ऑइल घाला, चढाला गिअर आधी उतरवा, एकाच वेगात लांबवर ओढू नका. आणि आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. ते पाणी धरतं, त्यामुळे उभ्या गाडीची टाकी आतून गंजते आणि जुनं रबर फुगतं. पंधरा-वीस दिवस गाडी काढणार नसाल तर पेट्रोलचा कॉक बंद करा, कार्बोरेटरचं फ्लोट चेंबर रिकामं करा, आणि कॉकची जाळी काढून एकदा बघाच.