तिसऱ्या उमेदवाराला मत द्यायचं की नाही, हे कसं ठरवावं

निवडणूक लागली की दोन सल्ले घरोघर फिरतात. ‘तिसऱ्याला मत म्हणजे मत वाया’ हा एक, आणि ‘सगळे सारखेच, यंदा अपक्षालाच द्या’ हा दुसरा. दोन्ही सल्ले देणाऱ्यांना मी एकच प्रश्न विचारते: आपल्या मतदारसंघात मागच्या वेळी पहिल्या आणि दुसऱ्या उमेदवारात किती मतांचा फरक होता? बहुतेकांना सांगता येत नाही. हा आकडा ज्याला माहीत नाही त्याचा सल्ला ऐकू नका, मग तो घरातला असो की पक्षातला.

२०२४ च्या विधानसभेला राज्यात ४,१३६ उमेदवार उभे होते, त्यांतले २,०८६ अपक्ष. निवडून आले दोनच, जुन्नर आणि चंदगडमधून. एवढंच वाचलं तर विषय संपल्यासारखा वाटतो. पण त्याच निवडणुकीत सांगोल्यात महायुतीचा आणि उद्धव ठाकरे यांच्या शिवसेनेचा असे दोघेही समोर असताना शेतकरी कामगार पक्षाचा उमेदवार जिंकला. याच सांगोल्यातून गणपतराव देशमुख शेकापकडून ११ वेळा आमदार झाले होते. तेव्हा राज्याचा आकडा बाजूला ठेवा आणि आपल्या मतदारसंघाचा हिशोब हाती घ्या. तो करायला दोन संध्याकाळी पुरतात.

आधी यादी गाळा

अर्ज माघारीची मुदत संपेपर्यंत डोकं शिणवू नका. त्याआधीच्या यादीत डमी असतात, रुसलेले असतात, मनधरणी झाली की बसणारे असतात. अंतिम यादी आली की नामसाधर्म्यवाले आणि चिन्हसाधर्म्यवाले पेन्सिलीने खोडा. २०२४ च्या लोकसभेला साताऱ्यात ‘तुतारी फुंकणारा माणूस’ या चिन्हावरचा उमेदवार ३२,७७१ मतांनी पडला आणि नुसत्या तुतारीवर, म्हणजे लोक जिला पिपाणी म्हणतात त्या चिन्हावर, उभ्या असलेल्या अपक्षाला ३७ हजारांवर मतं पडली. त्यातली चुकून पडलेली किती, हे कोणालाच मोजता येणार नाही. पण आपलं मत असं जाऊ नये एवढी खबरदारी आपल्या हातात आहे. वीस नावांच्या यादीत गाळून दोन-तीनच खरे तिसरे उरतात. पुढचं सगळं त्यांच्यापुरतं.

प्रतिज्ञापत्र वाचा

निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर प्रत्येक उमेदवाराचं प्रतिज्ञापत्र मिळतं: गुन्हे, मालमत्ता, कर्ज, शिक्षण. तिसऱ्याचं वाचाल तसंच दोन मोठ्यांचंही वाचा. अर्धा तास लागतो.

फॉर्म २० घेऊन बसा

इथे मात्र घाई करू नका. मी इथेच एकदा सपशेल चुकले होते.

काही वर्षांपूर्वी आमच्या मतदारसंघात एक अपक्ष उभा होता. शिकलेला, स्वच्छ, बोलायला मोकळा. त्याची मोटारसायकल फेरी आमच्या गल्लीतून जायला वीस मिनिटं लागली. कोपरा सभांना खुर्च्या कमी पडत होत्या. मी स्वतः आमच्या इमारतीत दारोदार जाऊन सांगितलं की यंदा वारं फिरलंय. निकाल लागला, त्याचं डिपॉझिट गेलं. वैध मतांच्या एक षष्ठांशसुद्धा मतं मिळाली नाहीत. शेजारच्या काकूंनी माझ्या शब्दावर मत दिलं होतं. ‘अगं, तू तर म्हणाली होतीस निवडून येतोय,’ एवढंच त्या म्हणाल्या. ते मला फार लागलं. कारण तो याआधीही एकदा उभा राहिला होता, आणि त्याची खरी ताकद किती हे लिहिलेला कागद तेव्हाही सगळ्यांना खुला होता. मी तो पाहिलाच नव्हता.

तो कागद म्हणजे फॉर्म २०. कोणत्या मतदान केंद्रावर कोणाला किती मतं पडली याचा हा अधिकृत तक्ता राज्याच्या मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांच्या संकेतस्थळावर मिळतो. उघडलात की घाबरायला होईल: तिरकी स्कॅन केलेली पानं, बारीक आकडे, डावीकडे केंद्र क्रमांक, वर उमेदवारांची नावं, शेवटी टपाली मतं. छापून घ्या आणि ओळीखाली पट्टी धरून वाचा, नाहीतर शेजारच्या ओळीतला आकडा उचलला जातो. सुरुवात आपल्या केंद्रापासून करा. मी त्या वेळचा तक्ता उघडला तेव्हा ‘जिल्हा परिषद शाळा, खोली क्र. २’ या आमच्या ओळीत माझ्या उमेदवारासमोर १४ हा आकडा होता. मग त्याच्या आधीच्या निवडणुकीचा तक्ता काढला. त्याची जवळजवळ सगळी मतं त्याच्या गावाभोवतीच्या अकरा केंद्रांत होती, बाकी तालुकाभर दोन, पाच, नऊ. फेरीत पाहिलेली गर्दी त्याच अकरा केंद्रांतून आली होती.

तक्त्यातून तीन गोष्टी काढायच्या.

पहिली, पसारा. तो याआधी उभा राहिला असेल तर किती केंद्रांवर त्याला चारांतलं एक मत मिळालं, यावर खुणा करा. खुणा एकाच कोपऱ्यात साचल्या असतील तर यंदाही त्याची मजल तिथपर्यंतच, असं धरून चाला. सगळीकडे थोड्याथोड्या पसरल्या असतील तर त्याला गंभीरपणे घ्या, भले मागच्या वेळी तो चौथा आला असेल. पहिल्यांदाच उभा असेल तर त्याने किंवा त्याच्या पॅनेलने जिल्हा परिषद, पंचायत समिती, नगरपालिका कुठे लढवली का, ते बघा. तेही नसेल तर त्याच्या ताकदीबद्दल कोणाचाही अंदाज खरा मानू नका, माझाही नाही.

दुसरी गोष्ट, पहिल्या दोघांतला फरक. फरक चाळीस हजारांचा असेल तर ‘तुमच्या मतामुळे नको तो निवडून येईल’ ही भीती कोणी घातली तरी मनावर घेऊ नका. तुम्ही मोकळे आहात. फरक अगदी थोडा असेल तर भीती खरी आहे. २०१९ ला सांगोल्यात निकाल ७६८ मतांवर लागला. अशा ठिकाणी आधी स्वतःला विचारा की दोघांतला कोण आला तर आपल्याला खरंच फरक पडतो का. पडत असेल तर तिसरा आवडूनही त्याला सोडणं मला गैर वाटत नाही. मी एकदा तसं केलंय.

तिसरी गोष्ट, दोघांपैकी कोणालाच न मिळालेली मतं, नोटा सोडून. इथे एक चूक सगळे करतात, शिकलेलेही करतात. पडलेल्या उमेदवाराच्या मतांत तिसऱ्याची सगळी मतं मिळवायची आणि ‘बघा, जिंकला असता’ म्हणायचं. २०१९ च्या लोकसभेला नांदेडमध्ये अशोक चव्हाण सुमारे ४० हजारांनी पडले आणि वंचित बहुजन आघाडीच्या उमेदवाराला १ लाख ६६ हजार मतं मिळाली. लगेच ‘वंचितने पाडलं’ झालं. पण निकाल फिरायला ती सगळी मतं दोघांतच वाटली जाऊन १ लाख ३ हजार एकीकडे आणि ६३ हजार दुसरीकडे, निदान अशी वाटणी व्हायला हवी होती. झाली असती का? शक्य आहे. पण त्यातले कितीजण घरीच बसले असते, कितीजणांनी तिसऱ्याच कोणाला दिलं असतं, हे कोणता तक्ता सांगतो? तिसऱ्याला मत देणारा माणूस कोणाच्या खात्यातून पळालेला नसतो. मत त्याचं असतं, आणि ते मागायला जावं लागतं.

एक तांत्रिक धोका सांगून ठेवते. केंद्रांचे क्रमांक बदलतात. मतदार वाढले की केंद्र फुटतं आणि पुढचे सगळे आकडे सरकतात. दोन निवडणुकांची तुलना क्रमांकावरून न करता शाळेच्या किंवा इमारतीच्या नावावरून करा. आणि २००९ च्या आधीचे तक्ते जुळवायला जाऊ नका; मतदारसंघांच्या पुनर्रचनेने हद्दीच बदलल्या आहेत.

‘तिसरा’ कोणाला म्हणायचं हेही हा हिशोब केल्यावरच कळतं. २०२४ ला सांगलीत महाविकास आघाडीचा अधिकृत उमेदवार ६० हजारांच्या आसपास थांबला, त्याचं डिपॉझिट गेलं, आणि अपक्ष विशाल पाटील एक लाखाच्या फरकाने खासदार झाले. तिथे ‘मत वाया घालवू नका’ म्हणून ज्यांनी अधिकृत चिन्हाकडे बोट दाखवलं, त्यांचाच हिशोब चुकला.

निवडून आल्यावर काय, हे तोंडावर विचारा

आमदारांचा वर्षाचा ५ कोटींचा स्थानिक विकास निधी अपक्षालाही मिळतो. मोठी कामं अर्थसंकल्पातून आणि पुरवणी मागण्यांतून येतात, तिथे सरकारशी जवळीक लागते. म्हणून निवडून आलेला अपक्ष सहसा सत्तेच्या बाजूला जाऊन उभा राहतो. १९९५ ला ४५ अपक्ष निवडून आले होते आणि शिवसेना-भाजप युतीचं सरकार त्यांच्यातल्या अनेकांच्या पाठिंब्यावर उभं राहिलं. राज्यघटनेच्या दहाव्या अनुसूचीप्रमाणे, म्हणजे पक्षांतरबंदी कायद्याप्रमाणे, अपक्षाने निवडून आल्यावर पक्षात प्रवेश केला तर त्याची आमदारकी जाते. पण बाहेरून पाठिंबा द्यायला, मंत्रिपद घ्यायला कायद्याची आडकाठी नाही.

म्हणून पदयात्रा दारात आली की हार घालत बसू नका, विचारा: ‘साहेब, सरकार यांचं आलं तर कोणाकडे जाणार? त्यांचं आलं तर?’ ‘जनता ठरवेल’ असं उत्तर देणाऱ्याला मी मत देत नाही. सरळ नाव घेणाऱ्याला देते, ते नाव मला पसंत नसलं तरी. निदान आपण काय घेतोय ते कळतं. बंडखोर असेल तर आणखी एक विचारा: तिकीट मिळालं असतं तर आज जे मुद्दे मांडताय ते मांडले असते का? हा प्रश्न चारचौघांत विचारा. उत्तर देताना चेहरा बघायला मिळतो.

शेवटचे दोन दिवस

प्रचार थांबायच्या सुमारास काही तिसरे उमेदवार दोघांपैकी एकाला पाठिंबा जाहीर करून मोकळे होतात. तोवर माघारीची मुदत गेलेली असते, त्यामुळे नाव आणि चिन्ह यंत्रावर राहतंच आणि लोक मत देत राहतात. आदल्या रात्री आणि सकाळी निघण्यापूर्वी स्थानिक बातम्या बघून घ्या. कार्यकर्त्याला फोन करून खात्री करा.

तिसरा पसंत पडला नाही तर नोटा हा त्याचा पर्याय धरू नका. २०१९ ला लातूर ग्रामीणमध्ये नोटा २७ हजारांवर मतं घेऊन दुसऱ्या क्रमांकावर होता. निवडून यायचा तो उमेदवार आरामात आला.

केंद्रात गेल्यावर नाव, फोटो आणि चिन्ह तिन्ही जुळवा आणि मगच बटण दाबा. व्हीव्हीपॅटच्या काचेमागे चिठ्ठी सात सेकंद दिसते. ती पडेपर्यंत जागचं हलू नका.